पायरीवरचा लोटा

दगडी पायरीवर पितळी लोटा टेकवला की एक जाड, बुटका आवाज होतो. गेल्या कार्तिकात नाकाडोंगरीला, माझ्या माहेरी, तो आवाज ऐकला आणि मी अंगणातच थबकले. कापलेल्या धानाचा ओलसर गोड वास वाऱ्यावर होता, जंगलाच्या बाजूला कललेलं ऊन कौलांवर रेंगाळत होतं, आणि माझी भावजय पदर सावरत म्हणत होती, "पाय धुवा ताई. थकून आल्या असान." तिच्या बोलण्यात माया होती, लोटा चिंचेनं घासून लख्ख केलेला होता, तक्रार करावी असं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. तरी त्या पाण्याकडे पाहताना मला आठवली ती दूरदेशीची एक मुलगी, आणि आमच्या अंगणात एका संध्याकाळी उतरलेला तिचा चेहरा.

क्लारा आमच्या घरी आली ती फाल्गुनात, मोहाची फुलं पहाटे टपटपू लागली होती तेव्हा. लाखनीपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. गावाला जुना तलाव. त्यात माजलेली बेशरमाची झुडपं उपटून पूर्वीच्या पाणवनस्पती पुन्हा लावायचं काम एका संस्थेनं हाती घेतलं होतं, आणि त्याला वर्षभर हातभार लावायला ही मुलगी जर्मनीहून आपखुशीनं आली होती. तिनं राहायचं कुठे, असा प्रश्न निघाल्यावर माझ्या नवऱ्यानं परस्पर हो म्हणून टाकलं आणि मग घरी येऊन आम्हाला सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "काय खाते ते? कुठी झोपते? आन तिची भाषा मले येते का?" एवढं बोलून त्या उठल्या आणि घरातली नवी गादी उन्हात घालू लागल्या. त्यांचं सगळं असंच, तोंडानं नाही आणि हातांनी हो.

मग सुरू झाला पाहुणचार. आम्ही भात खाणारी माणसं, पण क्लारासाठी रोज गव्हाच्या पोळ्या. तिचं ताट आधी, आमची नंतर. ती जेवायची आणि आम्ही सगळे तिच्या घासाकडे बघत बसायचो. ती भाजी चिरायला सरसावली की सासूबाई तिच्या हातून विळी काढून घेत, "बस बाप्पा तू." नव्याचे नऊ दिवस म्हणतात; मी सून म्हणून या घरात आले तेव्हा माझे तर त्याहूनही आधी संपले होते आणि शेणाची पाटी हाती आली होती. क्लाराचे मात्र संपतच नव्हते. मला तिचा थोडा हेवा वाटे, आणि त्याहून जास्त दया येई, कारण खुर्चीवर बसून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघणारे तिचे निळे डोळे मला दिसत होते.

एक गोष्ट मात्र तिला मनापासून आवडे, तो लोटा. आमच्याकडे पाहुणा आला की पायरीवर पाण्याचा लोटा येतो. पाय धुवायचे आणि मग घरात यायचं. घरची माणसं मागच्या हौदावर जाऊन आपापले पाय धुतात, त्यांना कोण पाणी नेऊन देणार? हे आम्ही इतकं गृहीत धरलेलं की कुणाला समजावून सांगायचं असतं, हेच सुचलं नाही. दिवसभर तलावात राबून गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली क्लारा परत यायची तेव्हा पायरीवर लोटा तयार असायचा. ती सावकाश पाय धुवायची, चिखल धारेबरोबर अंगणात ओघळत जायचा, आणि मान वर करून ती सासूबाईंकडे बघून हसायची. दिवसभर मी त्या पाण्याची वाट बघते, असं ती मला एकदा म्हणाली होती.

वैशाखात आम्ही सगळे शहापूरला लग्नाला गेलो. घरी एकटी क्लारा. दुपारी ती तलावावरून लवकर परतली, भूक लागलेली, आणि जी आजवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घुटमळायची ती सरळ आत गेली, गंजातला भात आणि लाखोळीचं वरण वाढून घेऊन जेवली, ताट घासून पालथं घातलं. आम्ही आल्यावर सासूबाईंनी ते पालथं ताट पाहिलं, भातात पडलेला खळगा पाहिला आणि गंजावर झाकण ठेवलं. कांदे चिरताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायरीवर लोटा नव्हता.

मी ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होते. महामार्गावरून ट्रकांची घरघर येत होती, आणि अंगणात क्लारा त्या रिकाम्या पायरीकडे बघत उभी होती. थकली असेल, असं वाटून मी खाली मान घातली. ती चिखलाच्या पायांनीच खोलीत गेली. दिवेलागणीला चहा घेऊन गेले तर तिची मोठी पिशवी खाटेवर उघडी आणि कपड्यांच्या घड्या तिच्यात जात होत्या.

"मी आता लाखनीले जाऊन राहतो ताई," ती खाली बघत म्हणाली. तिचं मराठी सासूबाईंच्या तोंडून उचललेलं. "आजी रागावली. मी न विचारता भात घेतला. आज पाणी नाही ठेवलं."

क्षणभर मला काही उलगडेना, आणि उलगडलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, पिशवी पाहिली, माझं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा गोंधळून गेला.

"घरच्या पोरीले कोणी पाणी ठेवते का वं? मागं हौद आहे, तो तिले दिसत नाही का?" मग क्लाराकडे वळून हळूच, "आपल्या हातानं भात घेतला ना तुनं. आता कायची पाहुणी? पायजे असन तं ठेवतो बाप्पा उद्यापासून."

क्लाराला शब्द सगळे कळले की नाही, कुणास ठाऊक. ती चिखल सुकलेल्या पायांनी मागच्या दारानं हौदाकडे गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. "नको ठेवू," ती परत येऊन म्हणाली, आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

दुसऱ्या दिवसापासून पोळ्या बंद झाल्या. सासूबाई तिला रागावू लागल्या, दुकानात धाडू लागल्या. आषाढात ती आमच्याबरोबर बांधीतल्या चिखलात उतरून धानाची रोपं लावत, रोवणा करत होती, आणि दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, घर पाहुण्यांनी गजबजलं, तेव्हा पायरीवर लोटे नेऊन ठेवणारी तीच होती.

वर्ष भरलं आणि ती मायदेशी गेली. काही दिवसांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या आईनं तिची खोली आवरून ठेवली होती, खाटेवर घडी घातलेला नवा टॉवेल आणि त्यावर कोरी साबणाची वडी. "ताई, माह्या मायनं मले लोटा ठेवला," ती म्हणाली. मी खूप हसले. म्हटलं, अगं, माया आहे ती. तीही हसली, जरा उशिरानं.

त्या उशिराचा अर्थ मला नाकाडोंगरीच्या अंगणात कळला. आई होती तोवर मी धुळीच्या पायांनी सरळ घरात शिरायचे आणि चुलीपाशी बसलेली ती मान न वळवता ओरडायची, "पाय धुतले का वं?" आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच आले होते. वाकून मी लोटा उचलला आणि पाय धुतले. भावजयीनं माझं ताट आधी वाढलं, मला विळीला हात लावू दिला नाही. तिचं चुकलं काहीच नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. तरी जेवताना माझी नजर चुलीकडे जात राहिली.

परतताना एसटी लाखनीला पोहोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. गावात पोहोचले तेव्हा घराच्या पायरीवर काही नव्हतं. ओसरीवर सासूबाई तांदळातले खडे वेचत बसल्या होत्या. अलीकडे त्यांना नीट दिसत नाही, तरी सूप सोडत नाहीत.

"आली का वं?" त्या मान न उचलता म्हणाल्या. "वरणाले फोडणी दे. माह्यानं उठणं होत नाही."

मी मागच्या हौदावर गेले. पाणी गार होतं. एक तांब्या पायांवर ओतला, मग आणखी एक. आतून पुन्हा हाक आली, "कुठी गेली वं?" मी लगेच ओ दिली नाही. त्यांनी आणखी एकदा हाक मारावी, असं मला वाटत होतं.