चाचांची पाकिटं

टपाल आलं की चाचा पत्र वाचायचे नाहीत. आधी पाकीट उलटसुलट करायचे, चष्मा कपाळावर चढवून पोस्टाचा शिक्का डोळ्यांशी न्यायचे आणि म्हणायचे, "कागद काय म्हनतो ते मागून. आला कवा, ते आदी." मग आवक रजिस्टरात नोंद, कागदावर संस्थेचा शिक्का आणि पाकीट टाचणीने त्याच कागदाच्या पाठीला. पाकीट फेकून देताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

जामखेडला आमची संस्था पाण्याचं काम करायची. चाचा तिथे टपाल सांभाळत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत तेच केलं होतं. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून ते आमच्याकडे आले. मानधन घेत नसत, चहा मात्र दोनदा घेत. "माज्या हातून कागद गेला असं न्हाई व्हायचं," ही त्यांची एकमेव फुशारकी. ती ते रोज मारत आणि आम्ही रोज हसत असू.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत पुण्याच्या एका देणगीदाराने संस्थेला संगणक दिला आणि त्याच्यामागोमाग मी आले. नगरला सहा महिन्यांचा कोर्स केलेली, चोवीस वर्षांची आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा समजुतीतली. सगळा पत्रव्यवहार संगणकात नोंदवायचा, गावाचं नाव टाकलं की त्या गावाची पत्रं कुठल्या फायलीत आहेत ते पडद्यावर दिसलं पाहिजे, हे माझं काम. संगणकाला मराठी येत नव्हतं. चाचा शेजारी बसून मोठ्याने विषय वाचायचे आणि मी तो इंग्रजी अक्षरांत बडवायची. मध्येच वीज जायची आणि सकाळपासूनच्या नोंदी गडप व्हायच्या. चाचा आपलं रजिस्टर उघडून खिडकीच्या उजेडात धरायचे, एवढंच.

पण माणूस कुजका नव्हता. पहिल्यांदा एका गावाचं नाव टाकल्यावर अकरा पत्रांची यादी झरझर खाली आली, तेव्हा त्यांनीच उठून सगळ्यांना हाक मारली. "आरं या, बगा! काय डोकं हाय!" डोकं माझं की यंत्राचं, ते मी विचारलं नाही.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं. मी पत्रावरची तारीख तेवढी नोंदवायची.

"बाई, आल्याची तारीख बी टाका."

"चाचा, एका पत्राला एक तारीख पुरते."

"सरकारी कागदाला दोन असत्यात. सही झालेली येक, भाईर पडल्याली येक. तीस वर्षं मी सोता तेच केलंय, मला इचारा."

मी हसण्यावारी नेलं. पुढे चाचा भाचीच्या लग्नाला आठ दिवस कर्जतला गेले आणि मला उत्साहाचं भरतं आलं. फायली फार फुगल्या होत्या. मी एकेक टाचणी काढली, पाकिटांची तीन पोती भरली आणि प्रशिक्षणार्थींच्या अंघोळीच्या बंबात माझ्या हाताने घातली. दोन कपाटं रिकामी झाली. आमचे सचिव, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, कपाटं बघून खूश झाले. त्यांतून काय गेलं, ते त्यांनी विचारलं नाही. चाचा परत आले, त्यांनी चार-सहा फायली चाळल्या. त्या दिवशी चहा एकदाच घेतला.

दोन महिन्यांनी माझा उत्साह अंगाशी आला. जवळच्या गावाबाहेर बौद्ध कुटुंबांची वस्ती होती. तिथल्या सरूबाई नळासाठी चार वर्षं आमच्याकडे खेटे घालत होत्या. त्या नळाच्या प्रस्तावाला कचेरीने उत्तर दिलं होतं, 'या पत्राच्या दिनांकापासून पंधरा दिवसांत ग्रामसभेचा ठराव सादर करावा.' पत्र हाती पडलं तेव्हाच मुदत उलटून गेली होती. आम्ही दोन दिवसांत ठराव पाठवला, तरी प्रस्ताव बंद झाला. सरांनी सुनावणी मिळवली. पत्र उशिरा आल्याचा पुरावा आणा, असं कचेरीतले साहेब म्हणाले. तुमचं रजिस्टर तुम्हीच लिहिलेलं, ते चालणार नाही.

सर मला म्हणाले, "त्या पत्राचं पाकीट काढा."

ते त्या तीन पोत्यांबरोबर बंबात गेलं होतं. सरूबाई दारातच बसल्या होत्या. "घावंल न्हवं, बाई?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून चाचा बोलले, "सर, पाकिटं मी बंबात घातली. जागा पुरंना. चूक झाली माजी."

सर बघतच राहिले. आणि मी, सांगायला लाज वाटते, गप्प बसले.

सुनावणीला चाचा हट्टाने आले. साहेबांपुढेही तेच म्हणाले, पाकिटं मी जाळली. मग हात जोडून म्हणाले, "पन तुमच्या टपालाच्या तिकिटांची वही मागवा, सायेब. कागदावर तारीख कुनीबी मागची टाकतं. तिकीट लावलं की त्याच दिशी वहीत मांडावं लागतं." वही आली. पत्र त्याच्यावरच्या तारखेनंतर एकोणीस दिवसांनी पोस्टात पडलं होतं. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने पंख्याकडे. प्रस्ताव पुन्हा उघडला आणि पुढच्या उन्हाळ्याआधी वस्तीवर नळ आला.

संस्थेच्या बैठकीत मात्र ठराव झाला, 'टपाल सांभाळणाऱ्यांच्या हयगयीमुळे अडचण उद्भवली. यापुढे हे काम संगणकाकडे द्यावे.' तो टाईप मीच केला. चाचांना शाल-नारळ दिला. फाटकापाशी मी रडत म्हणाले, "चाचा, मी खरं सांगून टाकते."

"नगा. तुमची नोकरी आत्ता कुटं सुरू झाली. माजं काय, रिटायर मानूस दुसऱ्यांदी रिटायर." मग दोन पावलं जाऊन वळले. "आल्याची तारीख तेवढी टाकत जा."

त्याच दुपारी मी तो रकाना वाढवला. खरं सांगायचं मात्र राहून गेलं.

दोन वर्षांनी चाचा गेले. त्यांच्या घरी मी भेटायला गेले तेव्हा सर आधीच बसले होते. चाचांच्या मुलाला सांगत होते, "देवमाणूस. शेवटी जरा हयगय व्हायला लागली होती, एवढंच."

"नाही सर," मी म्हणाले. "पाकिटं मी जाळली. त्यांनी माझी चूक अंगावर घेतली."

सरांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "तुमचा जीव होता त्यांच्यावर, ठाऊक आहे मला. पण गेलेल्या माणसासाठी एवढं खोटं बोलायची गरज नाही." चाचांच्या मुलानेही मान डोलावली, माझे आभार मानले आणि चहा पुढे केला.

नंतर मी हे बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. सगळे मलाच मोठ्या मनाची म्हणतात. तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा.