सशाच्या गालावरची तीट

खोडदच्या प्रयागबाईंना ससा माहीत होता तो शेतातला. मातकट, लांबट, कांद्याच्या वाफ्यातून उडी मारून दिसेनासा होणारा. त्यामुळे वैजयंतीबाईंनी मोबाइलवर दाखवलेला पांढराशुभ्र, गुलाबी कानांचा, हातात अंडं धरलेला ससा त्या बराच वेळ निरखत राहिल्या.

"ह्यो अंडी घालतो व्हय?" त्यांच्या नवऱ्याने, भिमाजींनी विचारलं.

"नाही हो काका. ईस्टरला मुलांसाठी आणून देतो, अशी गोष्ट आहे."

"म्हंजी कुरिअरवाला."

"तुमी जरा गप बसा," म्हणत प्रयागबाईंनी पहिली बरणी हातात घेतली.

वैजयंतीबाई नारायणगावला शाळेत शिकवतात. त्यांच्या चर्चमध्ये ईस्टरच्या प्रार्थनेनंतर मुलांना गोळ्या वाटायच्या होत्या, आणि त्यासाठी घराघरांतून जॅमच्या, मधाच्या रिकाम्या बरण्या गोळा झाल्या होत्या. त्या रंगवायला कुणीतरी प्रयागबाईंचं नाव सुचवलं. एके काळी आसपासच्या लग्नांत मांडवात रचायची मडकी त्यांच्याच हातची असत. आता मंगल कार्यालयात प्लॅस्टिकची मडकी असतात, तीच प्रत्येक लग्नाला. प्रयागबाईंचे ब्रश माळ्यावर कडक होऊन पडले होते. ते थिनरमध्ये भिजवताना त्या गुणगुणत होत्या, हे भिमाजींनी ऐकलं.

मडकं रंग पितं. काच नुसता अंगावर घेते. पहिले दोन ससे ओघळले. मग हात बसला. सशांभोवती पिवळी पिल्लं आली, ठिपक्यांची अंडी आली, कडेने मडक्यांवरची जुनी वेलबुट्टी आली. प्रत्येक बरणी पुरी झाली की प्रयागबाई काडीच्या टोकाने सशाच्या गालावर एक काळा ठिपका देत.

गुरुवारी वैजयंतीबाई बघायला आल्या. आधी हरखल्या, मग जवळ वाकल्या. "मावशी, सगळ्यांवर डाग पडलाय."

"डाग न्हाई, तीट हाय. इतकं गोजिरवाणं रूप, नजर लागंल ना."

वैजयंतीबाई अवघडल्या. "आमच्यात नजरबिजर मानत नाहीत, मावशी. चर्चमधल्या टेबलावर मला या अशा ठेवता येणार नाहीत. वरचे ठिपके पुसाल का?"

त्या गेल्या आणि प्रयागबाई बरण्यांसमोर बसून राहिल्या. इतक्या वर्षांनी त्यांचं काम चार माणसांसमोर मांडलं जाणार होतं. तीट ठेवली तर ते मांडलं जाणार नव्हतं, आणि पुसली तर त्यांचाच जीव थाऱ्यावर राहणार नव्हता. एकदा घाईत एका लग्नाची मडकी बिनतिटेची गेली, त्यातली दोन मांडवातच तडकली.

"पुसून टाक. काचंला कसली आलीय नजर?" भिमाजी म्हणाले.

"मडक्यालाबी न्हाईच म्हनला व्हता तुमी."

शेवटी त्यांनी ठिपके पुसले. थिनरने गालही गेले, ते पुन्हा रंगवले. मग धुळीपासून जपायला बरण्या तोंडावर उपड्या घातल्या. ओळीने वर आलेले ते गोल, उघडे तळ त्यांनी पाहिले. नात झाली तेव्हा फोटोत दिसायला नको म्हणून सुनेने तोंडाला तीट लावू दिली नव्हती. तेव्हा प्रयागबाईंनी ती तळपायाला लावली होती. त्यांनी काडी उचलली.

ईस्टरला त्या भिमाजींसोबत गाडीवरून नारायणगावला गेल्या. बरण्या पांढऱ्या कापडावर मांडलेल्या. लोक थांबून बघत होते, कुणी फोटो काढत होतं. प्रार्थना संपली आणि मुलं बरण्या घेऊन अंगणात पळाली.

पण उकाड्याने गोळ्या पाघळून तळाला चिकटल्या होत्या. एका मुलीने बरणी उलटी करून तोंडावर धरली आणि बुडावर थापटी मारली. मग सगळ्यांनीच तसं केलं. भर अंगणात बरण्या उलट्या झाल्या आणि एकेक काळी तीट आभाळाकडे बघू लागली.

प्रयागबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"मावशी!" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"वरचं पुसा म्हनला व्हता तुमी. वरचं पुसलं."

भिमाजींना ठसका लागला. वैजयंतीबाईंनी रागावायचा प्रयत्न केला, पण ओठ ऐकेनात. टेबलावर एक बरणी उरली होती. त्यांनी ती उचलली, उलटी करून पाहिली आणि अलगद पर्समध्ये ठेवली.

"ही माझ्या घरी," त्या म्हणाल्या. "आणि नाताळला काचेच्या चांदण्या करायच्यात. त्यांना तळ नसतो, मावशी. आत्तापासूनच विचार करून ठेवा."