कापणीची तारीख

केळीचा चीक कपड्याला एकदा लागला की जात नाही. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एकाही शर्टाचा मूळ रंग मला आठवत नाही. आम्ही जसोंडी गावचे, पुढे बुऱ्हाणपुरात एका खोलीत राहायला आलो. आप्पा बागेत कापलेले घड उचलून ट्रकमध्ये भरायचे. भाव पडला की कापणी थांबायची, आणि कापणी थांबली की आमच्या घरी तिखट-मीठ आणि भाकर. आई पॉवरलूमवाल्यांसाठी घरी बसून सुताच्या कांड्या भरून द्यायची. माझा शाळेचा गणवेश तीन वर्षं चालला. दर जूनमध्ये आई खालची शिलाई उसवून तो बोटभर लांब करायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि इंदूरच्या एका कंपनीत टेस्टर म्हणून लागले. काम घरूनच. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर चालवून बघायचं आणि चुकलं असेल तिथे बोट ठेवायचं. आमचं गिऱ्हाईक हॉलंडचं. जहाजानं आलेली केळी पिकवायची त्यांची मोठमोठी गोदामं होती. कोणता माल आधी पिकवायला काढायचा, त्याची यादी आमचं सॉफ्टवेअर रोज करून द्यायचं.

आमच्या टीमचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. क्लायंटसमोर प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारला की त्यांना वाटतं, ह्यांना काही येत नाही. म्हणून मीटिंगमध्ये एकटे सर बोलायचे आणि बाकी आम्ही सात जण माइक बंद करून माना हलवायचो.

सहा महिन्यांनी हॉलंडच्या मॅनेजर बाईंनी सरळ सांगितलं, "आमचे गोदामातले लोक तुमची यादी बाजूला ठेवतात आणि मनानं माल काढतात. महिन्याभरात हे सुधारलं नाही तर आपण थांबू." थांबू म्हणजे टीम बंद. माझी नोकरी जाणार होती, आणि घर तेव्हा त्याच नोकरीवर चालत होतं, कारण कंबर धरल्यामुळे आप्पांचं ओझं उचलणं सुटलं होतं.

सर म्हणाले, "स्क्रीन सुंदर करू, बटणं मोठी करू." पंधरा दिवस तेच केलं. मी सगळं तपासलं आणि सगळं पास झालं. कागदावर लिहिलं होतं तसंच ते चालत होतं. गोदामवाले तरी यादी वापरेनात.

एका दुपारी आप्पा माझ्यामागे खाटेवर बसून बघत होते.

"काय करून राहिली वं?"

"केळीची रांग लावते, आप्पा. आधी कोणती काढायची, त्याची."

"काय पाहून लावते?"

"गोदामात कोणत्या तारखेला आली ते पाहून."

आप्पा हसले. "गोदामात कधी आली ते केळीले काय मालूम? तिचं वय झाडावरून उतरली तिथून चालू होते. एक गाडी रस्त्यात चार दिवस अडकली, तर मागून येऊनही तोच माल जुना ना? ज्यानं हे लिहिलं त्यानं बाग पाहिली का कधी?"

मी माहिती उघडून बघितली. प्रत्येक खोक्याची कापणीची तारीख तिथे होती. आम्ही ती फक्त छापत होतो, वापरत नव्हतो, कारण क्लायंटच्या कागदात माल गोदामात आल्याची तारीख धरा असं लिहिलं होतं आणि का, ते आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "मैडम, आप टेस्टर हो, केले की व्यापारी नहीं. जो लिखा है, वो टेस्ट करो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंग होती, तेव्हा हॉलंडमध्ये सकाळ असते. सर नव्या बटणांचे रंग दाखवत होते. मी माइक चालू केला. इंग्रजी अडखळत होतं. "मला एक विचारायचं आहे. तुमचे लोक माल हातानं निवडतात तेव्हा खोक्यावरची कापणीची तारीख बघतात का?"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला का वाटलं?"

"माझ्या वडिलांनी आयुष्यभर केळी भरली आहेत. ते म्हणाले."

कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय मी 'शेती' लिहिला होता. त्या दिवशी खरं सांगितलं.

बाईंनी तिथल्या तिथे गोदामाच्या मुकादमाला बोलावून तेच विचारलं. तो हेडफोन न लावता मागूनच बोलला, "अर्थात तीच बघतो. मी हे केव्हाचा सांगतोय."

यादी कापणीच्या तारखेप्रमाणे लावायचा बदल दोन दिवसांचा होता. मी तो तपासला. मग जहाज उशिरा पोहोचलं तर काय, खोक्यावर तारीखच नसेल तर काय, असे अकरा प्रश्न लिहून थेट बाईंना पाठवले. पुढच्या मीटिंगमध्ये सरच म्हणाले, "किसी को कुछ पूछना है?" आणि सात माइक एकदम चालू झाले.

महिना संपला तेव्हा त्यांच्या सगळ्या गोदामांत माल आमच्या यादीप्रमाणे निघत होता. करार पुढे वाढला. पुढच्या वर्षी सर दुसऱ्या कामावर गेले आणि बाईंनी सरांच्या जागी माझं नाव सुचवलं. आज त्या टीमची प्रमुख मी आहे, आणि काम बुऱ्हाणपुरातून करते.