उषाबाईंची कानबाई

एमएच्या परीक्षेत मी लिहिलं होतं, कादंबऱ्यांतली गावं बुडतात, जळतात, उठून जातात. पण सांगणारं एक माणूस उरलं की गाव उरतं. लिहिताना डोळ्यांसमोर उषाबाई होत्या.

कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. लग्नानंतर शिरपूरकडून सुरतेला आल्या तेव्हा पिशवीत सासूनं दिलेला कानबाईचा नारळ होता. खानदेशात ही देवी नारळाच्या रूपात बसवतात. दर श्रावणात तो चौरंगावर बसतो, दुसऱ्या दिवशी तापीत न्हातो आणि परत देव्हाऱ्यात येतो. नैवेद्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. गाणी एकटीनं म्हणायची नसतात. एकीनं ओळ टाकायची, समोरच्या बायांनी झेलायची.

यंदा समोर झेलणारं कोणी नव्हतं. जुन्या जावा गेल्या. पुतणे पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात. त्यांनी व्हिडिओ कॉलवर हात जोडले. "शिफ्ट शे, काकू."

उषाबाईंनी ओळ टाकली. सून वर्षा दिव्यात तेल घालत राहिली. नात हर्षदा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, यूट्यूब पे लगा दूँ? उसमें कोरस भी है."

"लाव. मंग रोट बी त्यालेच खावाड."

आम्ही हसलो. त्यांनी पुन्हा ओळ टाकली आणि ती मी झेलली. लहानपणापासून ऐकून मला सगळी गाणी येतात. उषाबाई थांबल्या.

"तुले येस, पोरी. पन तुले रोट देता येत नही."

आम्ही बौद्ध. त्यांच्या भाऊबंदांतले नाही.

"मला रोट नको, आजी. तुम्ही म्हणा."

त्यांनी पुढे म्हटलं नाही.

सकाळी तापीवर मीही गेले. उषाबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. रोट बराच उरला होता, तो सोडला. नारळ न्हाऊ घातला. मग ओंजळ उघडली.

त्यांचा मुलगा चेतन पँट न दुमडताच पाण्यात शिरला. "माय, नारळ चालना."

"जाऊ दे, भाऊ."

"पुढला साल काय बसाडशी?"

"कोनकरता?"

चेतन तिथंच उभा राहिला. नारळ पुलाच्या दिशेनं गेला, पुलाखाली दिसेनासा झाला. मी काठावर, हातात चपला. उषाबाईंनी वर येऊन पदराला हात पुसले आणि वर्षाला रिक्षा बघायला सांगितलं.

त्यांना सगळी गाणी अजून येतात. मलाही येतात.