डेल्मारवर हिरवा घालायचा का

कॉलेजचे कोच रिंगर विचारून गेले, डेल्मारच्या शवपेटीवर हिरवा झेंडा घालू का. हिरवा हा कॉलेजचा रंग. मी म्हटलं सांगते. ते गेल्यावर मी तशीच बसून राहिले, कॉफी गार झाली ती तशीच प्यायले. डेल्मार माझा थोरला भाऊ. सोमवारी दुपारी गेला.

तो मक्याच्या कोठारावर ट्रकचं वजन करायचा. आणि शनिवारी कॉलेजची मॅच असली की साखळी धरायचा. फुटबॉल म्हणजे आमचा, हेल्मेट घालून खेळतात तो. दहा यार्ड पुढे गेले की नाही ते बघायला मैदानाच्या कडेला साखळी असते, दोन टोकांना दोन काठ्या. एक डेल्मारकडे, एक त्याच्या जोडीदाराकडे, लॉइडकडे. पंचाने हात केला की काठी उचलून पुढे जायचं. एवढंच.

पण साखळीवाल्याने कुणाच्या बाजूचं दिसायचं नाही. पांढरा शर्ट घालायचा, ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही. आणि उभं राहायचं ते पाहुण्या टीमच्या बाकाजवळ. आपल्या पोरांनी टचडाउन करून गुण मिळवले तर लॉइड निदान तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा तरी. डेल्मारचं तोंड म्हणजे बंद दुकान. आणि हळूहळू घरीही तेच झालं. त्याची बायको जिनीन म्हणायची, याच्याशी भांडायला दोन्ही माणसं मलाच व्हावं लागतं. ती सोडून गेली त्या आठवड्यात मी त्याला जेवायला बोलावलं, काय बोलेल म्हणून बघत होते. म्हणाला, बटाटे छान झालेत.

यंदा कॉलेज सगळ्याच मॅच हरत होतं. कॅफेत लोक या दोघांना चिडवायचे, "अरे, आपल्या पोरांसाठी साखळी जरा आखूड करून आणा की." लॉइड हसायचा. डेल्मार म्हणायचा, "दोघांना साखळी एकच असते." आणि आपलं बशीतला ॲपल पाय खायला लागायचा.

मग घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आली. मी पलीकडे चर्चच्या बायकांबरोबर राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल वाढत होते. त्या दिवशी आपली पोरं पुढे होती. मध्येच पंचाने हात केला, लॉइड काठी घेऊन निघाला आणि साखळी ताणली गेली. डेल्मार जागचा हललाच नाही.

"डेल्मार, काठी काय पेरलीस का?" लॉइड ओरडला.

लोक हसले. मीपण हसले. मग तो निघाला, पाय जरा ओढत होता. काठी नेऊन टेकवली आणि परत उभा. तोंड नेहमीसारखं. त्याचं तोंड तसंच असायचं म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. अर्धं तोंड लोंबलं होतं ते पाहुण्यांच्या एका पोराला दिसलं. तो त्यांच्या कोचला म्हणाला, या आजोबांना काहीतरी होतंय. आपल्यातल्या कुणाला कळलं नाही. काठी त्याच्या मुठीतून सोडवायला दोन माणसं लागली म्हणे.

हॉस्पिटलात तो शुद्धीवर होता, बोलता येत नव्हतं. संध्याकाळी लॉइड आला, अजून पांढऱ्या शर्टातच.

"जिंकलो रे," तो म्हणाला. "यंदाची पहिली."

डेल्मार छताकडे बघत राहिला. लॉइड मला म्हणाला, "बघ, अजून ड्युटीवरच आहे."

मी बघत होते चेहऱ्यावर काही येतंय का. डॉक्टर म्हणाले होते एक बाजू हलणार नाही. दुसरी हलण्यासारखी होती. हलली नाही.

ती मॅच जिंकली म्हणूनच कोचना वाटत होतं हिरवा घालावा, तो जिंकलेल्या दिवशीचा माणूस म्हणून. लॉइडलाही तेच वाटत होतं. माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"घाल की गं नोरीन. खेळ संपला त्याचा. आता कोण शिटी वाजवणार आहे?"

"तो कधी म्हणाला का, मी हिरव्याच्या बाजूचा आहे?"

"तो कधी काय म्हणाला? भूक लागली असंही म्हणायचा नाही."

"मग आपण कशाला त्याच्या तोंडी घालायचं."

"तूपण पॉस्पिशिलच, भावासारखीच," लॉइड म्हणाला आणि टोपी घालून गेला.

मी कोचना फोन करून नको म्हटलं. ते म्हणाले, पोरांना बरं वाटलं असतं. मी म्हटलं, वाटलं असतं.

गुरुवारी पांढऱ्या शर्टात ठेवला त्याला. टीमची पोरं आली, हिरवी जॅकेटं घालून, चर्चचे मागचे बाक भरले. ते त्यांचे कपडे, मी काही बोलले नाही. नंतर तिथेच तळघरात जेवण होतं. एक आडदांड पोरगा हॅमचं सँडविच घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आजी, ते आतून आमच्याच बाजूचे होते ना?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. पण मला खरंच माहीत नाही.

"माहीत नाही रे बाबा. मलापण सांगितलं नाही त्याने."

त्याने सँडविच प्लेटमध्ये ठेवलं. मग म्हणाला, "आम्ही हरून बाहेर यायचो ना, तेव्हा सगळे आमच्याकडे कसंतरीच बघायचे. तेवढे एक नाही बघायचे."

मी म्हटलं, खाऊन घे.

शनिवारी ते बाहेरगावी परत हरले. लॉइडने फोन करून सांगितलं. मी बरं म्हटलं.