दाजींची दीक्षा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल चांगलं बोलायचं झालं तर तो काच सरळ कापतो. बस, तेवढंच. काच टेबलावर आडवी टाकायची, पट्टी धरायची, हिऱ्याच्या कलमाने एकच रेघ ओढायची आणि कडेवर आणून टक् करून मोडायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. बाकी मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायला बसते, दिवसभर लोकांची तोंडं बघते, पण याच्याइतकं कडू तोंड मी पाहिलेलं नाही. समोर मी त्याला दाजी म्हणते, अहो-जाहो करते, ते ताईसाठी. इथं ताई वाचत नाहीये.

तर या दाजीला आमच्या चर्चच्या मंडळीचा वडील व्हायचं होतं. आमच्यात पाळक एकटा काही ठरवत नाही. मंडळी आपल्यातूनच काही माणसं निवडते, त्यांना वडील म्हणायचं. ते पाळकासोबत बसून कारभार बघतात, प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि प्याला घेऊन बाकाबाकाशी येतात, आजाऱ्यांची विचारपूस करतात. पगार नाही, पण एकदा डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिली की मान आयुष्यभराचा. आणि दाजी मानासाठी हपापलेला. चार माणसांनी उठून खुर्ची दिली की आठवडाभर त्याची मान ताठ.

अडचण एकच होती. वडील होणाऱ्याने स्वतःचं घर नीट सांभाळलेलं असावं, असा नियम. आता घर नीट आहे हे ओळखायचं कसं? आमच्या शहाण्या लोकांनी त्यावर उपाय काढलाय, बाक. एक घर, एक बाक. नावं सुचवणारी समिती कुणाच्या घरी जात नाही, रविवारी मागून बघते की बाक भरलाय का. दाजीच्या बाकावर दाजी, ताई आणि शेजारी ढळढळीत रिकामी जागा. कारण त्याची आई माझ्या बाकावर, सगळ्यात मागे, दाराजवळ.

म्हातारी तीन वर्षं माझ्याकडे राहत होती. का? तर सून-सासूचं पटत नव्हतं असं नाही, ताई बिचारी कुणाशीही पटवून घेते. म्हातारी दुपारी त्याच्या काचेच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. एकदा एका बंगल्याच्या खिडक्यांचं मोठं काम घेऊन कंत्राटदार आला, तर हिने त्याला सांगितलं की माझा मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. कंत्राटदार हसला. काम मिळालं, पण त्याच आठवड्यात म्हातारीचं सामान माझ्या दारात. लोकांना काय सांगितलं? घर दुकानाच्या वर आहे, आईला जिना चढवत नाही. आणि माझं घर कुठं? दुसऱ्या मजल्यावर.

मी एकटी, मला सोबत झाली. भांडायचो आम्ही रोज, रेडिओच्या आवाजावरून, खिडकी उघडी की बंद यावरून. तिची नखं मी कापायची, तिच्या गुडघ्यांना तेल मी लावायचं. आणि हा कधी वरसुद्धा आला नाही. खाली गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा, औषधं माझ्या हातात द्यायचा आणि पळायचा.

समितीने नावं मागवली तसा हा पठ्ठ्या दोन्ही जिने चढून वर आला. हातात सफरचंदं. आईच्या पायाशी बसला, म्हणाला, तुझ्यावाचून घर खायला उठतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हातारीचा चेहरा! ती उठून थेट कपाटाकडे गेली आणि कपडे काढायला लागली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, काकू, हे सगळं बाकासाठी चाललंय. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझी छत्री घेऊ का, एवढंच विचारलं.

पुढच्या रविवारी ती त्याच्या बाकावर होती, नवी शाल पांघरून, सगळ्यांना दिसेल अशी मधोमध. समिती खूश. नाव निघालं, मतं पडली, दाजी निवडून आला. पण निवडून आल्यावरही आमच्यात लगेच दीक्षा देत नाहीत. दोन रविवार पाळक नाव वाचून दाखवतो आणि विचारतो, या माणसाच्या वागणुकीबद्दल कुणाचा आक्षेप आहे का. दीक्षेच्या दिवशी शेवटचं विचारतो. पहिल्या दोन्ही वेळी मी गप्प बसले. म्हटलं, खोटं का होईना, म्हातारी घरी तर गेली.

मग शनिवारी ताईचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला दोनदा विचारावं लागलं. म्हणाली, त्यांनी सांगितलंय, रविवारी दीक्षा झाली की सोमवारी आईंना तुझ्याकडे पोचवायचं, तू खाट काढून टाकली नाहीस ना? मी फोन आपटला.

रविवारी पाळकाने शेवटचं विचारलं तेव्हा मी मागच्या बाकावरून उठले. आमच्या मंडळीत कुणी उठत नाही. शंभर माना वळल्या. ताईने डोळे मिटून घेतले. दाजी पुढे उभा होता, काळ्या कोटात, आणि माझ्याकडे असं बघत होता की नजरेनेच मोडून टाकील.

मी म्हटलं, "या माणसाने तीन वर्षं स्वतःच्या आईला घरात ठेवली नाही. आज दीक्षा झाली की उद्या तिला पुन्हा माझ्याकडे टाकणार आहे. हा कुणाच्या घरची विचारपूस करणार?"

कुणीतरी 'मेहुणी आहे' असं कुजबुजलं, म्हणजे झालंच, द्वेषाने बोलते. पाळक गोंधळला. म्हातारी समोरच बसली होती, म्हणून त्याने तिलाच विचारलं. ती बाकाला धरून उठली.

"जिना चढवत नव्हता म्हणून मी हिच्याकडे होते," ती म्हणाली. "आता माझ्या मुलाने खाली खाट टाकलीय. मरेपर्यंत मी तिथंच राहायचं, असं त्याने मला सांगितलंय. त्यालाच विचारा."

इतकं धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या देखत! पण पाळक दाजीकडे वळला आणि म्हणाला, खरं आहे का हे? दाजीने आईकडे पाहिलं. मंडळीकडे पाहिलं. कपाळावरचा घाम त्याने पुसला नाही.

"हो," तो म्हणाला.

मग तो गुडघे टेकून बसला, जुन्या वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, प्रार्थना झाली. बाहेर कुणी माझ्याशी बोललं नाही. जी बाई दर रविवारी मला पेपरमिंटची गोळी द्यायची तिनेही पर्स बंद केली. ताई जवळ येऊन म्हणाली, जन्मभर मला ऐकवणार आता ते, तुला काय, तू मोकळी. घरी येऊन मी संतापाने दोन कप फोडले. चहा करताना माझ्या लक्षात आलं, म्हातारीने त्याला शंभर माणसांसमोर बांधून टाकलंय. आता तो तिला कुठंही धाडू शकत नाही. मी एकटीच हसले आणि लगेच पुन्हा राग आला. माझी अब्रू गेली ती गेलीच.

सोमवारी ती आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. शेवटी मीच गेले.

दुकानाच्या मागच्या खोलीत खाट होती. भिंतीला काचा उभ्या टेकवलेल्या, मधे गवताच्या पेंढ्या, काच बसवायच्या लांबीचा तेलकट वास. जेवणाचं ताट झाकलेलं, तसंच. दाजी पट्टी घ्यायला आत आला, माझ्याकडे बघितलं नाही, आईकडेही नाही, पट्टी घेऊन गेला. ताई म्हणाली, तेव्हापासून त्यांनी आईंशी एक शब्द बोललेला नाही. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर त्यांनीच आणून आईंच्या हातात दिली, सगळ्यांचे डोळे पाणावले म्हणे.

मी म्हटलं, "काकू, उठा. टॅक्सी बाहेर उभी आहे."

"नको."

"इथं तुम्हाला कुणी विचारतं का?"

"नाही," म्हातारी म्हणाली. "तुझ्याकडे सगळे विचारायचे. दूधवाला, शेजारीण, डॉक्टर. ही तुमची कोण? इथं तेवढं कुणी विचारत नाही."

मी तिची नखं बघितली, वाढली होती. पर्समधून नेलकटर काढलं आणि तिचा हात ओढून घेतला. ती ओरडली, हळू काप, रागाने कापू नकोस. मी रागानेच कापली.