बिनटपाची गाडी

गाडी मी घेतली तेव्हा घरातली बाकीची तिघंही विरोधात होती. नवरा, आमची सोळा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी राहायला आलेले माझे बाबा.

गाडी होती दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची आणि वर टप नसलेली. अशा गाडीचे सुटे भाग पेट्यांमधून येतात आणि हौशी माणसं ते घरी जोडतात. किट कार म्हणतात तिला. आमच्याच कॉन्डो सोसायटीतल्या एका इंग्रज इंजिनियरनं ती आपल्या देशात जोडली होती आणि सगळे सोपस्कार पुरे करून सिंगापूरच्या रस्त्यावर आणली होती. दोन वर्षं रोज सकाळी MRT च्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनकडे जाताना मी पार्किंगमध्ये तिच्यापाशी अर्धं मिनिट रेंगाळायचे. त्यानं ते पाहिलं असणार. कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं मला लिफ्टमध्ये विचारलं, "तुला हवी आहे का?" आणि विचार करायच्या आत माझ्या तोंडून हो निघून गेलं.

घरी मी कारण दिलं ते ऑफिसचं. सेरंगूनहून जुरोंग ईस्टला जायचं म्हणजे मेट्रोत एकदा गाडी बदलून, उभं राहून, तासभर. कारनं निम्म्या वेळात पोचता येईल. "रोज वापरणार आहे मी ती," असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं.

बाबा हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "रिक्षाला निदान टप असतो गं."

चौथ्याच दिवशी हायवेवर पाऊस आला. इथला पाऊस विचारून येत नाही. गाडीबरोबर एक कापडी हूड मिळालं होतं, पण ते सीटमागच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. ते चढवायचं म्हणजे आधी दोन लोखंडी कांबी खोचायच्या, त्यावर कापड ताणायचं आणि मग अठ्ठावीस टिचबटणं लावायची. हायवेवर थांबता येत नाही. मी तशीच चालवत राहिले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरले तेव्हा सीटमध्ये तळं झालं होतं आणि त्यात माझा डबा तरंगत होता. लिफ्टमध्ये एका सहकाऱ्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "पोहायला जातेस का सकाळी?"

त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी तीनदा भिजले. पाऊस नसला की ऊन असायचं, आणि काळं रेक्झिन असं तापायचं की बसताना ओठ आवळावे लागायचे. मुलीला एकदा ट्यूशनला सोडलं, तर ती सीटमध्ये घसरून पार खाली गेली. "मम, एव्हरीवन इज लुकिंग, लाह!" पुढच्या वेळेपासून ती बसनं जायला लागली.

एका रविवारी नवरा चहा पिता पिता शांतपणे म्हणाला, "हौस म्हणून मला काही अडचण नाही. पण जागेवर उभीच राहणार असेल तर विकून टाकू. तूच म्हणाली होतीस, रोज वापरणार."

मी बाबांकडे पाहिलं.

बाबांचं नाना पेठेत रिक्षाची हुडं आणि सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं आणि दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलं. शाळा सुटली की मी दुकानातच जायचे, पण मला तिथल्या मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. मागच्या बाकावर बसून अभ्यास करायचा, एवढंच. पुढे कॉलेजात कुणी विचारलं की मी सांगायचे, वडील ऑटोमोबाइल लाइनमध्ये आहेत. एकदा एक मैत्रीण घरी आली आणि तिनं बाबांनाच विचारलं, "काका, तुमची कसली एजन्सी आहे?" बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाले, "छपरांची." ती गेल्यावर या विषयावर ते काहीच बोलले नाहीत. पुढेही कधी नाही.

त्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "बाबा, हिला सोयीचं, नवं हूड शिवून द्याल?"

"हात बघितलेस ना माझे?" ते म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवून थोड्या वेळानं म्हणाले, "माप घ्यायला काय जातंय म्हणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना कॉन्डोच्या सिक्युरिटी गार्डचा फोन आला. "मॅडम, तुमचे वडील तुमच्या गाडीत झोपलेत. बरे आहेत ना?" बाबा झोपले नव्हते. डोक्यावर किती जागा सोडायची ते पाहायला ते ड्रायव्हरच्या सीटमध्ये आडवे होऊन वर टेप धरत होते. मी घरी पोचेपर्यंत आमची एक जुनी चादर सेफ्टी पिनांनी गाडीवर चढली होती आणि गार्ड हात जोडून सांगत होता, "अंकल, पार्किंगमध्ये गाडीचं काम करता येत नाही."

घरच्या शिलाई मशीनवर रेक्झिन शिवणं शक्यच नव्हतं. मुलीनं फोनवर शोधून जवळच्याच औद्योगिक वसाहतीत सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या एका चिनी बाईंचा पत्ता काढला. साठीच्या, बारीक, केस अगदी आखूड कापलेल्या. त्या इमारतीत उतारावरून थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गाडी नेता येते. मी गाडी त्यांच्या दारात उभी केली तेव्हा त्या खळखळून हसल्या. "अंकल, व्हाय सो स्मॉल?" बाबांनी इंग्रजी न कळूनही मान डोलावली. त्यांचंही मत तेच होतं. मी बाईंना आमची अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "सॅटर्डे कॅन. बट लंच, यू बाय."

पहिल्या शनिवारी बाबा त्यांच्या मोठ्या मशीनवर बसले. कापड दाबाखाली घेतलं, पाय ठेवला आणि शिवण वीतभर सरळ जाऊन भरकटली. त्यांनी ती उसवली. पुन्हा घातली. पुन्हा भरकटली. चिनी बाई कात्रीला धार लावण्यात गुंतल्याचं दाखवत होत्या. बाबा उठले आणि स्टुलाकडे बोट करून मला म्हणाले, "बस."

"मी?"

"मग काय यांना बसवू? यांना मराठी येत नाही."

बावन्नाव्या वर्षी मी बाबांच्या हाताखाली उमेदवारीला लागले. ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत आणि कुणावर आवाज चढवू नये असं मी त्यांना सांगत असते. इथे माझ्या कानाशी सतत आवाज चढलेला असायचा. "कापड ढकलू नकोस, मशीन नेतंय. तू नुसतं वळव! अगं, कोपऱ्यावर थांब!" पहिल्या दिवशी मी तीन सुया मोडल्या. चौथी मोडली तेव्हा चिनी बाईंनी सुयांची डबी माझ्या पुढ्यातून उचलून कपाटात ठेवली आणि एकेक सुई मागून घ्यायला लावली.

तीन शनिवारांत हूड झालं. घट्ट, सुरकुती नसलेलं, मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी. आम्ही ते मोठ्या अभिमानानं चढवलं आणि पाहायला नवऱ्याला बोलावलं. तो सहा फुटांचा. त्यानं आधी पाय घातला, तर डोकं बाहेर राहिलं. डोकं घातलं, तर पाय राहिला. शेवटी तो पाठमोरा शिरला, निम्मा आत गेला आणि अडकला. मुलीनं सगळ्याचा व्हिडिओ काढला. चिनी बाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. मीही हसत होते. फक्त बाबा हसत नव्हते. नवऱ्याला ओढून बाहेर काढल्यावर त्यांनी कात्री घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत तीन शनिवारांचं काम पुढच्या पट्टीपासून उसवायला सुरुवात केली.

"बाबा! अहो, निदान विचारायचं तरी!"

"काय विचारायचं? ही झोपडी झाली. माणूस आत जाईना, ते कसलं हूड? आपण इंग्रजाचं बघून शिवलं, तिथेच चुकलो. याला रिक्षासारखं करू."

रिक्षाचं हूड काढून पिशवीत ठेवत नाहीत. त्याच्या कमानी मागच्या बाजूला बिजागरीवर असतात, ते मागे दुमडून पडतं आणि ओढलं की पुढे येतं. बाबांनी तसंच आखलं. चिनी बाईंच्या ओळखीच्या वेल्डरनं बिजागऱ्या आणि कमानी करून दिल्या. अठ्ठावीस टिचबटणं गेली, त्यांच्या जागी पुढे दोन पट्टे आणि बकलं आली. बाजूंना गुंडाळून वर बांधता येणारे प्लास्टिकचे पडदे. आधी माणसानं ऐसपैस बसायचं आणि मग हूड डोक्यावरून ओढून घ्यायचं. गाडीत असा बदल चालतो का, हे मी आधीच तपासणी केंद्रात नकाशा दाखवून विचारून घेतलं होतं, आणि तयार झाल्यावर पुन्हा दाखवून आले. तिथल्या तरुणानं हूड तीनदा मागेपुढे केलं. त्यातली दोनदा तरी नुसती मजा म्हणून.

उरलेल्या रेक्झिनमधून आम्ही सीटांच्या मागे झाकणाची पेटी केली. तिच्यात लॅपटॉप, डबा आणि बाजारातली भाजी कोरडी राहते. सीटांना टॉवेलच्या कापडाचे अभ्रे शिवले. तळाला पाणी जायला दोन भोकं होतीच, पण त्यांची बुचं गंजून बसली होती, ती बदलली. ही शेवटची युक्ती नवऱ्याची. तेवढ्यावरून तो आता ही गाडी आपण सगळ्यांनी मिळून दुरुस्त केली असं सांगतो.

खरी परीक्षा एका मंगळवारी झाली. मी सुट्टी घेतली होती आणि बाबांना घेऊन भाजी आणायला निघाले होते. आभाळ भरून आलं, पहिले थेंब बॉनेटवर टपटपले आणि समोर सिग्नल लाल झाला. आम्ही दोघांनी एकाच वेळी मागे हात टाकला. ओढलं, पट्टे, बकलं, त्यांच्या बाजूचा पडदा, माझ्या बाजूचा पडदा. दिवा हिरवा व्हायच्या आत आम्ही झाकले गेलो होतो. शेजारच्या बसचा ड्रायव्हर वरून पाहत होता. त्यानं अंगठा दाखवला. बाबांनीही त्याला अंगठा दाखवला.

मग सरीवर सरी कोसळायला लागल्या. बाबा मान वर करून एकेक शिवण न्याहाळत होते. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर एक थेंब पडला. त्यांनी बोटानं वरचा कोपरा चाचपला.

"टाका सैल पडलाय," ते म्हणाले. "तुझाच आहे."

"सगळेच माझे आहेत, बाबा."

"हो, ते खरं." ते खूश दिसत होते.

कितीतरी वर्षं मनात होतं ते मी तेव्हा बोलले. रस्त्याकडे बघत बोलायचं होतं म्हणून सोपं गेलं असेल. "बाबा, कॉलेजात मी तुमच्या दुकानाबद्दल खोटं सांगायचे."

"ठाऊक आहे की."

"वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"एक दिवस वाटलं. मग म्हटलं, बरं झालं. पोरीला लाज वाटतेय म्हणजे ती इथे अडकून बसायची नाही." पावसाचा आवाज हुडावर चांगला घुमत होता. "पण तुला मशीनवर बसवायला हवं होतं. तेवढं चुकलं माझं. हात बरा आहे तुझा."

मी वायपर आणखी जोरात केले.

बाबांचा जायचा दिवस रविवार होता, दुपारचं विमान. त्यांची बॅग गाडीत कुठेही मावेना. पेटीत नाही, मांडीवर नाही. शेवटी नवरा आणि मुलगी बॅग घेऊन टॅक्सीनं पुढे गेले आणि बाबा माझ्या शेजारी बसले. ऊन लख्ख होतं. मी हूड ओढायला हात मागे नेला तर म्हणाले, "राहू दे. आज उघडीच चालव." त्यांनी टोपी काढून मांडीखाली दाबून ठेवली. समुद्राकाठच्या रस्त्याला लागल्यावर त्यांचे पांढरे केस सरळ उभे राहिले.

"बाबा, कशी वाटते?" मी ओरडून विचारलं.

"आवाज फार आहे!" ते ओरडले. मग हात बाहेर काढून वाऱ्यात धरला आणि पुन्हा ओरडले, "जरा पळव की!"